महिन्याला तीन हजार, पण किती महिने?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेकडून बसचा फॉर्म येतो. मुलाचं नाव, इयत्ता, रक्तगट, थांबा, दोन फोन नंबर आणि तळाशी बारीक अक्षरात दर. आमच्या फॉर्मवर तो होता २,९०० रुपये. मी तो वहीत लिहिला, शाळा दहा महिने चालते म्हणून दहाने गुणला आणि २९,००० बाजूला काढून निर्धास्त झाले. जूनमध्ये पावती आली ३२,९०० रुपयांची. अकरा महिन्यांचं भाडं, वर हजार रुपये 'नोंदणी'. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, सगळीकडे असंच असतं."

सगळीकडे असं नसतं. आमच्याच सोसायटीत चार शाळांच्या बस येतात. एक शाळा दहा महिन्यांचं घेते, दोन अकरा महिन्यांचं, आणि एक चक्क बारा महिन्यांचं, तेही दोन हप्त्यांत आगाऊ. गंमत म्हणजे महिन्याचा दर सर्वांत कमी दिसतो तो या बारा महिन्यांवाल्या शाळेचा. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: बसचा महिन्याचा दर विचारायचाच नाही. जून ते मे, सगळं धरून वर्षाला किती रुपये हातातून जाणार, तो आकडा मागायचा. मग त्या आकड्यात काय बसतं आणि काय नाही, ते कागदावर घ्यायचं.

काय बसत नाही याची यादी लांब असते. शनिवारच्या जादा वर्गाची बस वेगळी. स्नेहसंमेलनाच्या तालमीनंतर घरी सोडणं वेगळं, किंवा नाहीच. पाळणाघरापाशी उतरवायचं असेल तर काही शाळा दोन थांब्यांपैकी लांबच्या थांब्याचा दर लावतात. एकेरी प्रवासाचं भाडं निम्मं असेल असं समजून चालू नका. सीट दोन्ही वेळा अडते असं म्हणून दोन तृतीयांश, कधी पाऊण भाडं लावतात. मधेच घर बदललं किंवा बस सोडली, तर एक महिन्याची पूर्वसूचना लागते की चालू सत्राचे पैसे बुडतात, हे फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मागची बाजू कोरी असेल तर जास्तच सावध राहा.

आणि टप्पे. ० ते ३ किलोमीटर, ३ ते ५, ५ ते ८, अशी उतरंड बहुतेक ठिकाणी असते. हे अंतर मोजतात कसं? शाळेपासून घरापर्यंत सरळ रस्त्याने, की बस जशी गल्लीबोळ फिरत जाते तसं? दुसऱ्या पद्धतीत ४ किलोमीटरवरचं घर आरामात ७ किलोमीटरच्या टप्प्यात जाऊन बसतं. आमचं तेच झालं होतं. त्याची गोष्ट शेवटी सांगते.

भाडं बनतं कसं

भाडेवाढीची नोटीस आली की पालकांच्या ग्रुपवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लूट आहे. दुसरा म्हणतो, डिझेल बघा कुठे गेलंय. बसमालकाची बाजू घेऊन नव्हे, पण भांडायचं तर नेमक्या जागी भांडता यावं म्हणून एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडून बघा. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. मी समजून चालले ते असे.

तीस मुलांची मिनीबस. सकाळची आणि दुपारची फेरी, शिवाय रिकामं जाणं-येणं, मिळून दिवसाला ५० किलोमीटर. लिटरला ६ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरलं तर दिवसाला ७५० रुपये, २२ दिवसांचे १६,५००. चालकाचा पगार २०,०००. मदतनीस ताईंचा १०,०००. गाडीच्या कर्जाचा हप्ता ३०,०००. विमा, कर, पासिंग, पीयूसी यांचा महिन्यावर येणारा वाटा ८,०००. टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग आणखी ८,०००. बेरीज ९२,५००. तीस मुलांत वाटली तर प्रत्येकी ३,०८३ रुपये, आणि मालकाचा नफा अजून यात धरलेलाच नाही.

आता या बेरजेकडे नीट बघा. डिझेल आहे जेमतेम अठरा टक्के. उद्या डिझेल दहा टक्क्यांनी महागलं तर महिन्याला १,६५० रुपये वाढतात, म्हणजे मुलामागे ५५ रुपये. तेव्हा नोटिशीत 'इंधन दरवाढीमुळे' असं लिहून भाडं चारशेने वाढवलं असेल, तर बाकीचे साडेतीनशे कशाचे हा रास्त प्रश्न आहे. उत्तर असूही शकतं. २०२५ च्या मार्चमध्ये राज्यातल्या स्कूल बसमालकांच्या संघटनेने एप्रिलपासून १८ टक्के वाढ जाहीर केली, तेव्हा कारणांत गाड्यांच्या किमती, दुरुस्ती आणि पगार पुढे केले होते. ही कारणं वरच्या हिशेबात बसतात. पण संघटनेने टक्केवारी जाहीर केली म्हणजे ती तुमच्या शाळेला लागू झाली असं नाही. तुमच्या शाळेचं भाडं ठरवण्याची जागा वेगळी आहे, तिच्याकडे येतेच.

हाच हिशेब मे महिन्याचं कोडंही सोडवतो. सुट्टीत बस उभी असते, पण कर्जाचा हप्ता आणि पगार उभे राहत नाहीत. म्हणून बारा महिन्यांचं भाडं मागणारा मालक सरसकट लबाड ठरत नाही. फक्त सुट्टीच्या दोन महिन्यांत त्याचं डिझेल वाचतं, ते मुलामागे ११०० रुपये होतं. ते वजा करा म्हणायला हरकत नाही. आम्ही म्हटलं होतं. मिळाले नाहीत, पण पुढच्या वर्षी अकराव्या महिन्याचं भाडं निम्म्यावर आलं.

तिसरी गोष्ट या कागदावरच दिसते: खेपा. तीच बस, तोच चालक, पण सातच्या शाळेला एक खेप आणि नऊच्या किंवा बाराच्या शाळेला दुसरी. डिझेल दुप्पट होतं, पगारात फार तर पाच हजारांची भर पडते, हप्ता मात्र तोच राहतो. १,१४,००० रुपये साठ मुलांत वाटले की प्रत्येकी १,९०० येतात. स्वस्त बसचं रहस्य बहुधा यात असतं. आणि पहाटे सहा वाजून पाच मिनिटांनी चिमुरडं जांभया देत थांब्यावर का उभं असतं, याचंही. पहिली खेप उरकल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही.

८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, तेव्हा मुलांची झोप हा त्यामागचा विचार होता. बसमालकांनी लगेच हरकत घेतली, कारण नऊची वेळ म्हणजे शहरातली ऐन गर्दी, आणि एकाच शाळेच्या लहान-मोठ्या मुलांसाठी दोनदा फिरणं. ज्या शाळांनी वेळ बदलली तिथे दोन भावंडं दोन बसने जातात आणि भावंडांची सवलत गेली, असंही ऐकलं. तुमच्या घरी एक मूल तिसरीत आणि एक सहावीत असेल तर प्रवेशाच्या वेळीच दोघांच्या बसच्या वेळा एकत्र विचारा.

बस कुणाची, पावती कुणाची

पिवळ्या बसवर शाळेचं नाव रंगवलेलं असतं, म्हणून बस शाळेचीच असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ती कंत्राटदाराची असते. पावती बघा. शाळेच्या नावे असेल तर तक्रार थेट शाळेकडे. कंत्राटदाराच्या नावे असेल तर शाळा पहिल्या भांडणातच हात वर करून म्हणते, "बसशी आमचा संबंध नाही, तो त्यांचा आणि तुमचा व्यवहार."

हे वाक्य ऐकलं की घाबरू नका, कारण ते चुकीचं आहे. महाराष्ट्र मोटार वाहन (स्कूल बस विनियमन) नियम, २०११ नुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि तिचे अध्यक्ष खुद्द मुख्याध्यापक असतात. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचे अधिकारी आणि बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी हे तिच्यात असतात. बसचं भाडं, थांबे, गाडीची कागदपत्रं हे सगळं या समितीपुढे यायचं असतं. कंत्राटदाराशी ठरावीक नमुन्यात लेखी करार करायचा असतो तोही शाळेने. म्हणजे भाडेवाढ ठरवण्याची जागा ही समिती. पालकांनी दोन ओळींचं पत्र द्यावं: समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवा, करार दाखवा. बऱ्याच शाळांत ही समिती फाइलमध्येच राहते, आणि पत्र गेलं की घाईघाईने बैठक लागते. लागू दे. भाड्याचा प्रश्न त्या निमित्ताने टेबलावर येतो.

पावतीवरचं आणखी एक बारीक: बारावीपर्यंतच्या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या सेवेवर जीएसटी लागत नाही. शाळेच्या पावतीत बसभाड्यावर जीएसटीची ओळ दिसली तर विचारा. आणि मार्चमध्ये कर वाचवायला बसची पावती लेखापालाकडे पाठवू नका. जुन्या करपद्धतीत वजावट मिळते ती शिकवणी शुल्काची. बसचं भाडं त्यात येत नाही.

हजार रुपये कमी घेणारी व्हॅन

खरा प्रश्न इथे आहे. शाळेची बस २,९०० आणि कोपऱ्यावरचे व्हॅनवाले काका १,८००, दारात नेणं-आणणं, मे महिना माफ. वर्षाला १९,८००. माझ्या ३२,९०० पुढे हा आकडा मोहात पाडतो, आणि काका बहुधा माणूस म्हणून उत्तम असतात. मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. उशीर झाला तर जिन्यापर्यंत हाक मारायला येतात. माझी शेजारीण सांगते, तिच्या मुलाचा पहिला दात पडला तो काकांच्या गाडीत, आणि काकांनी तो कागदात बांधून आणून दिला.

तरीही जाऊन नंबरप्लेट बघा. पिवळी प्लेट आणि काळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याने चालवायला नोंदलेली आहे. विजेवरची असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी. तिने पैसे घेऊन मुलं नेणं हा परवान्याशिवायचा व्यवसाय झाला. मोटार वाहन कायद्यात त्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दंड काका भरतील. आपली पंचाईत विम्याची आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने चालवण्याचा धोका धरलेला नसतो. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं त्याच अटीवर बोट ठेवते, आणि भरपाईची लढाई वर्षानुवर्षं कोर्टात चालते. ते हजार रुपये वाचतात ते इथून.

मग नंबर टिपून घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. पासिंग कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, पीयूसी आहे का, गाडी कुठल्या वर्गात नोंदलेली आहे, सगळं दोन मिनिटांत दिसतं. पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचं आणि त्याहून जुन्या गाडीला एकाच वर्षाचं मिळतं. जुन्या गाडीचं पासिंग म्हणूनच दरवर्षी बघायचं. एकदा जूनमध्ये, एकदा दिवाळीनंतर. शाळेच्या बसचंही बघा. नाव मोठं आणि विमा संपलेला, असं बघण्यात आलं आहे.

व्हॅन सीएनजीवर असेल तर मागचं दार उघडून बघायला लाजू नका. टाकीवर फळी टाकून, फळीवर गादी टाकून त्यावर तीन मुलं बसवलेली असतात. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते आणि तिची तारीख दाखवणारं प्रमाणपत्र मालकाकडे असतं. मी मागितलं तेव्हा एक काका रागावले, दुसऱ्यांनी डॅशबोर्डमधून काढून दिलं. मुलीला कुणाकडे पाठवायचं ते तिथेच ठरलं असतं, पण त्या दुसऱ्यांकडे जागा नव्हती.

मुलं किती बसवतात तेही मोजा. आरसीवर आसनक्षमता लिहिलेली असते. रिक्षाला परवानगी तीन प्रवाशांची; सकाळी पावणेसातला तुमच्या चौकात उभं राहून रिक्षातली दप्तरं मोजा, मुलं मोजायची गरज पडणार नाही. जादा प्रवासी नेल्याचा दंड कायद्यात माणशी २०० रुपये आहे. महिन्याला मुलामागे दीड-दोन हजार येत असताना, क्वचित कधी भरावा लागणारा २०० रुपयांचा दंड कुणाला परवडत नाही? पोलिसांना नावं ठेवण्याआधी हेही आठवावं की त्या चौथ्या मुलाचे आईबापही आपल्यातलेच असतात, आणि "जरा सरकून घ्या ना काका" असं म्हणणारेही.

व्हॅन हाच पर्याय असलेली घरं खूप आहेत. शाळेची बस त्या वस्तीत शिरतच नाही, किंवा बसचं भाडं शाळेच्या शुल्काच्या निम्मं होतं. २०२५ मध्ये राज्य सरकारने १२ अधिक १ आसनांच्या स्कूल व्हॅनना रीतसर परवाने देण्याचं जाहीर केलं. जीपीएस आणि सीसीटीव्ही या अटी त्यात आहेत. तुमच्या काकांना विचारा की ते हा परवाना काढणार आहेत का. काढला तर गाडीचा खर्च वाढेल आणि भाडंही दोन-चारशेने वर जाईल. ते दोन-चारशे मी देईन. पिवळ्या प्लेटची, चालू विम्याची, मोजून मुलं बसवणारी व्हॅन शाळेच्या बसपेक्षा काही कमी नाही.

बसच्या पायरीवर उभं राहून काय बघाल

१८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वझिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. सर्वोच्च न्यायालयासमोर एम. सी. मेहता यांचं प्रकरण चालू होतं. त्यातच महिनाभरात स्कूल बससाठी निर्देश आले. वेगावर ४० किलोमीटरची मर्यादा, चालकाला अवजड वाहनाचा पाच वर्षांचा अनुभव, गाडीत मुलांसोबत जबाबदार माणूस. आपले २०११ चे नियम त्याच वाटेवरचे आहेत: महापालिका हद्दीत ताशी ४० आणि बाहेर ५० किलोमीटर, वेगनियंत्रक, १५ वर्षांहून जुनी गाडी नको, मुली असतील त्या बसमध्ये महिला मदतनीस.

यातली महिला मदतनीस ही सर्वांत आधी गळते, कारण तिच्या गळण्याने मालकाचे दहा हजार वाचतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई असतात. गणपतीपर्यंत त्या 'गावी गेलेल्या' असतात. दिवाळीनंतर त्यांच्या जागी क्लीनर मुलगा दाराशी लटकलेला दिसतो. आपण भाडं मात्र ताईंसकट भरलेलं असतं. म्हणून मी दर महिन्याला एकदा स्वतः थांब्यावर जाते, आजोबांना पाठवत नाही. ताई नसतील तर त्याच दिवशी शाळेला मेसेज: तारीख, बस क्रमांक, मदतनीस नाही. वर्षअखेरीस आमच्याकडे असे नऊ मेसेज होते आणि समितीच्या बैठकीत ते वाचून दाखवल्यावर वाद घालायला जागा उरली नाही.

आत डोकावून प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि संकटकालीन दार बघा. अग्निशामकाची पुनर्भरणाची तारीख वाचा, आणि त्या दारासमोर दप्तरांचा ढीग नाही ना तेही. चालकाचं नाव आणि पोलीस पडताळणी शाळेकडे आहे का ते लेखी विचारा; बदली चालक येतो त्या दिवसाचीही. सीबीएसईने २०१७ मध्ये आपल्या शाळांच्या बसमध्ये जीपीएस आणि सीसीटीव्ही सक्तीचे केले. त्या शाळा 'ट्रॅकिंग ॲप' म्हणून वेगळे पैसे मागत असतील तर बसमध्ये जे असलंच पाहिजे त्याचे जादा पैसे कशाला, हे विचारायला हवं.

आणि उतरवून घेण्याचं. कोण घ्यायला येणार त्यांची नावं फॉर्मवर असतात. कुणीच नसेल तर मुलाला परत शाळेत नेणार, की वॉचमनच्या हवाली करणार? आमच्या शाळेचं उत्तर होतं, "आजवर असं झालेलं नाही." पुढच्या आठवड्यात झालं. लिफ्ट बंद पडली म्हणून मी चार मिनिटं उशिरा पोचले आणि लेक भेळवाल्याच्या स्टुलावर बसलेली होती. भेळवाले ओळखीचे, म्हणून हसून सांगता येतं. आता फॉर्मवर मी पेनने लिहून देते: ओळखपत्र दाखवल्याशिवाय मूल देऊ नये, कुणी नसल्यास शाळेत परत न्यावं. शाळेचा शिक्का घेतलेली एक प्रत घरी.

पिवळ्या बसखेरीज

सहावी-सातवीपासून एसटी आणि शहर बसचा विचार करायला हरकत नाही. एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीचा, म्हणजे भाड्याच्या एक तृतीयांशात. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत तो मोफत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठीच्या निळ्या बस वेगळ्या. अडचण पैशांची नसतेच. शाळा साडेपाचला सुटते आणि गाडी सातला येते, ही असते. तिथे ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचं पत्र जोडून आगारप्रमुखांकडे वेळ बदलून मागावी लागते. बदलतात, पण जूनमध्ये मागितली तर. ऑगस्टमध्ये वेळापत्रक बसून गेलेलं असतं. पुण्यात पीएमपीच्या पासला महापालिका हद्दीतल्या विद्यार्थ्यांसाठी अनुदान आहे, त्याचा अर्ज शाळेतूनच जातो. वस्तीजवळ शाळाच नसेल तर समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. त्यासाठी गटशिक्षणाधिकारी कार्यालय. गोव्यात अनुदानित शाळांना सरकारने बालरथ बस दिल्या आहेत, चालक आणि इंधनासाठी अनुदानही मिळतं, त्यामुळे पणजीच्या माझ्या मावसबहिणीला हा सगळा लेख वाचून हसू येईल.

स्वतः सोडायचं म्हटलं तर? समजा सहा किलोमीटरवर शाळा, आपल्या चार फेऱ्या, २४ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ आणि पेट्रोल १०४ रुपये धरा: दिवसाला साडेपंचावन्न, महिन्याला बाराशेच्या वर, दहा महिन्यांचे बारा हजार. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट लागतंच, चांगलं घ्यायचं तर हजाराच्या घरात. स्वस्त वाटतं. पण या चार फेऱ्यांत रोजचा दीड तास जातो आणि तो ऑफिसच्या वेळेतून काढावा लागतो. आमच्या घरी हा हिशेब तीन आठवडे टिकला.

तक्रार करायची झाली तर

चालक दारू प्यायलेला वाटला, गाडी बेफाम चालली, मुलाशी गैरवर्तन झालं, तर शाळेच्या उत्तराची वाट बघू नका: ११२, आणि मुलांसाठी १०९८. पासिंग, जादा मुलं, परवाना यांसाठी आरटीओ; फोटो, गाडी क्रमांक आणि वेळ असेल तर अर्ज एका पानात होतो. भाडं आणि समिती यांसाठी शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. पैसे परत मिळण्याचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. शाळा तिथे 'शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नव्हे' असा पवित्रा घेऊ शकते. कंत्राटदाराच्या नावाची पावती असेल तर त्याला तो घेता येत नाही. खिडकीवर डोळ्यांत खुपलेली तीच पावती इथे कामाला येते.

आमच्या टप्प्याचं सांगायचं राहिलं. शाळा घरापासून चार किलोमीटरवर, आणि आम्हाला भाडं लागलं होतं पाच ते आठच्या टप्प्याचं, कारण बस आधी नाल्यापलीकडच्या दोन सोसायट्या फिरून येते. मी जुलैमध्ये समितीला पत्र दिलं, नकाशा जोडला. उत्तर नाही. ऑगस्टमध्ये त्याच थांब्यावरच्या अकरा पालकांच्या सह्या घेऊन दुसरं पत्र दिलं. सप्टेंबरमध्ये बैठक झाली आणि टप्पा एकाने खाली आला, महिन्याला साडेचारशे कमी. जून ते ऑगस्टचा फरक, १,३५० रुपये, 'पुढील वर्षीच्या शुल्कात वळता करण्यात येईल' असं लेखी दिलं आहे. तो कागद फॉर्मच्या प्रतीला टाचून ठेवलाय.